शिरूरची पदवी, पुण्याची पदवी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली आहे. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयात बी. एस्सी.ला प्रवेश घ्यावा की पुण्याला पाठवावे? तिकडच्या पदवीला जास्त किंमत असते का?
– एक पालक, शिरूर

उत्तर : पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली बहुतेक पारंपरिक कॉलेजे 1949 साली स्थापन झालेल्या, आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. शिरूरचे बोरा महाविद्यालय असो वा दौंडचे कटारिया महाविद्यालय, अभ्यासक्रमाची चौकट विद्यापीठाचीच. फर्ग्युसनसारखी स्वायत्त कॉलेजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पण पदवी तिथेही विद्यापीठाचीच मिळते. खासगी विद्यापीठांचे तसे नाही. ती स्वतःची पदवी देतात आणि शुल्कही सहसा बरेच जास्त असते.

त्यामुळे कॉलेजचे नाव बाजूला ठेवा आणि ऑफिसात जाऊन चार गोष्टी विचारा. तिला हवा तो मुख्य विषय तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? फीचा खरा फरक तिथेच पडतो. प्रॅक्टिकल नियमित होतात का? नॅकची श्रेणी कोणती आणि तिची मुदत संपली तर नाही ना?

उत्तरे समाधानकारक असतील तर पदवी शिरूरलाच होऊ द्या. खोली आणि मेसचा वाचलेला पैसा पुढे एम. एस्सी.ला कामी येईल. पुण्याला गेलीच, तर विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्या कॉलेजात चालते का, हे आधी विचारा.