जशी दृष्टी तशी सृष्टी

आपल्या पिंगळीहून परळीकडच्या रेल्वेत बसले की गंगाखेड लागते. संत जनाबाई तिथल्या. लहानपणीच त्या पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या. याला सुमारे ७०० वर्षे झाली. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा ही कामे त्या करीत. तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. जाते हातानेच ओढावे लागे. दुसरे कोणी नशिबाला बोल लावत बसले असते. पण जनाबाईंच्या मनात विठ्ठल होता, म्हणून त्यांना जात्यापाशीही विठ्ठलच दिसला. तो माझ्यासोबत दळतो, असे त्यांनी अभंगात सांगितले. जाते तेच, पाहणारे मन वेगळे.

मला भांडी घासायचा लई कंटाळा. एकदा मी रडत होते तर आजी म्हणली, "रडून भांडी कमी होतात का गं? जनाबाईची आठवण कर." मग मी गाणं म्हणत घासू लागले. भांडी तेवढीच होती, पण माझा राग गेला.

नंतर मी विचार केला. विठ्ठलाने जनाबाईला नुसता धीर दिला नाही, तो दळू पण लागला. माझी माय दिवसभर कापूस वेचून येते अन् मग भाकरी थापते. ती कुरकुर करीत नाही, म्हणून आपण बसून राहायचे का? मन आनंदी ठेवावे आणि कामाला हातही लावावा. आता मी रोज पाणी भरते, दादा अंगण झाडतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी