रोल धुताना पाण्याची उष्णता सांभाळा

2012 मध्ये कोडॅक कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचा धंदा कायमचा बुडाला असे आम्हालाही वाटले होते. परंतु ब्लॅक अँड व्हाइट रोल आजही तयार होतो, विकला जातो आणि हौशी तरुण तो वापरतात. रोल धुऊन देणारा हात मात्र सहज सापडत नाही. थोड्या भांडवलात शिकता येणारा हा हुन्नर आहे, म्हणून त्याचा पहिला पाठ येथे देत आहोत.

रोल टँकच्या चकरीवर चढवताना खोलीत पूर्ण अंधार हवा. लाल दिवासुद्धा चालत नाही. तो प्रिंटच्या कागदासाठी असतो. एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून हात बसवावा. टँकचे झाकण लागले की पुढचे काम उजेडात होते.

आता मुख्य गोष्ट. डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसला हवा. इलफर्डची एचपी-5 प्लस फिल्म आयडी-11 मध्ये पाणी न मिसळता साडेसात मिनिटे, आणि निम्मे पाणी मिसळल्यास 13 मिनिटे धुतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून बरेच गरम असते आणि गरम डेव्हलपर भराभर काम करतो. एका मे महिन्यात आम्ही गच्चीवरच्या टाकीचे पाणी तसेच वापरून निकाहाचा रोल धुतला. निगेटिव्ह काळीकुट्ट निघाली; प्रिंटमध्ये सेहऱ्याची फुले म्हणजे नुसता पांढरा डाग! मजुरी परत केली, पण निकाह काही पुन्हा लावता येत नाही. गिऱ्हाइकाचा रोल ही अमानत असते, हे त्या दिवशी कळले.

उपाय साधा आहे. डेव्हलपर आणि फिक्सरच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवाव्यात. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो पातळ होतो. थर्मामीटर बघूनच घड्याळ लावावे. टँक सुरुवातीला आणि मग दर मिनिटाच्या आरंभी चार वेळा उलटासुलटा करून हलकेच आपटावा, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत.

मग स्टॉप बाथ, त्यानंतर फिक्सर. फिक्सरला किती वेळ द्यायचा? फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट. शेवटी टँकमध्ये स्वच्छ पाणी भरून पाच वेळा उलटावा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. हे पाणीही फार गरम नको. सुकवताना पंखा बंद ठेवावा, धूळ बसते.

वापरलेला फिक्सर गटारात ओतू नका. त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते. ती स्टील वूलने वेगळी काढता येते. थोड्या रोलांत हाती फारसे लागत नाही, पण डबा भरत राहावा.

आयडी-11 मधील मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येते. हातमोजे घालावेत आणि घरातली भांडी या कामाला घेऊ नयेत.