आरसीवर माझं नाव, ॲपवर त्याचं

प्रश्न : मी खडकवासल्याला राहतो. सिंहगड रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून वापरलेली कनेक्टेड कार घेतली, आरसीही माझ्या नावावर झाली. परवा पत्नी गाडी घेऊन पानशेतला गेली, तर आधीच्या मालकाचा मला फोन आला, ‘गाडी पानशेत रस्त्याला आहे का? माझ्या मोबाइलवर दिसतेय.’ त्याच्या ॲपवरून गाडीची दारंही उघडतात. कंपनीचं कॉल सेंटर म्हणतं, खातं त्यांचं आहे, त्यांनीच बंद करावं. कायदा माझ्या बाजूनं आहे का? आणि विमा एजंट सांगतो, गाडीचा डेटा दिलात तर हप्ता कमी होईल. द्यावा का?

– एक वाचक, खडकवासला

उत्तर : हे काम आज करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या पत्नी कुठे आहेत हे एका परक्या माणसाला दिसतं आहे. त्या गृहस्थांनी स्वतःहून फोन केला, म्हणजे हेतू वाईट दिसत नाही. ॲपमधून गाडी काढून टाकायला सांगा आणि तसं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गाडीच्या स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट कराच, पण तेवढ्यावर विसंबू नका. अशा गाडीत स्वतःचं सिम असतं आणि जुनं खातं कंपनीच्या सर्व्हरवर जिवंत राहू शकतं. म्हणून आरसीची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणं आणि महिन्याभरात तक्रार सोडवणं अपेक्षित आहे.

या नियमांची एक उणीव मात्र मोठी आहे. त्यांच्या ‘संवेदनशील’ यादीत पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक्स आहेत. गाडी कुठे उभी आहे, हे नाही. त्यामुळे माझा भर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 वर राहील. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मालक बदलल्याचं लेखी कळवल्यानंतरही तुमचं ठिकाण जुन्या मालकाला दिसत राहिलं, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कंपनीला म्हणता येणार नाही. उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याहून भक्कम आहे. डेटा कोणाकोणाला दिला हे विचारण्याचा, तो पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. कंपनीला दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि हे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायचे आहेत. शिवाय खासगी, घरगुती कारणासाठी डेटा वापरणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू नाही, म्हणजे जुन्या मालकाविरुद्ध तो कामाचा नाही. सांगूनही त्यानं मुद्दाम गाडीत डोकावणं चालू ठेवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 चा विचार वकिलाबरोबर करा.

माझं स्पष्ट मत आहे की मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 बरोबरच ‘ॲपवरचा ताबा सोडला’ असं घोषणापत्र परिवहन खात्यानं सक्तीचं करावं. युरोपात 12 सप्टेंबर 2025 पासून गाडी वापरणाऱ्याला तिचा डेटा स्वतः मिळवण्याचा आणि हव्या त्या गॅरेजला देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे निदान जुना मालक तरी वेळेवर बाहेर पडावा.

आता विमा. विमा नियामकानं जुलै 2022 मध्ये दोन प्रकारांना मुभा दिली : किती चालवता यावर हप्ता, आणि कशी चालवता यावर हप्ता. सवलत फक्त ओन डॅमेजच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. पहिल्या प्रकाराला मुळात किलोमीटरचा आकडा पुरतो. दुसऱ्यात वेग, करकचून मारलेले ब्रेक, रात्रीचा प्रवास अशा गोष्टी नोंदल्या जाऊ शकतात. तुमची गाडी कमी फिरत असेल तर पहिला प्रकार घ्या. दुसरा घ्यायचाच असेल, तर या नोंदी दावा नाकारायला वापरल्या जातील का, आणि पॉलिसी संपल्यावर किती दिवस ठेवल्या जातील, हे एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता विमा कंपनीकडून ईमेलवर मागवा.