गोदीतले नवे नगर

लंडन शहर थेम्स नदीच्या काठी वसले आहे. समुद्र तेथून दूर असला, तरी भरतीचे पाणी नदीतून थेट शहरापर्यंत चढते व ओहोटीच्या वेळी तितकेच खाली उतरते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या नदीत जहाजांची एवढी दाटी होई की, माल उतरविण्यासाठी त्यांना कित्येक दिवस खोळंबून राहावे लागे. ओहोटी लागली की जहाजे चिखलात रुतत आणि उघड्यावर पडलेला माल चोरांच्या हाती लागे.

यावर व्यापाऱ्यांनी एक उपाय योजिला. नदीलगत त्यांनी प्रचंड तळी खणली, त्यांभोवती उंच भिंती उभारल्या आणि नदीच्या बाजूस भक्कम दरवाजे बसविले. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे व दरवाजे लावून पाणी आतच अडवून ठेवावयाचे, म्हणजे बाहेर ओहोटी असली, तरी आतील जहाज तरंगतच राही. अशा बंदिस्त जलाशयास गोदी म्हणतात. १८०२ मध्ये वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. दूरच्या बेटांवर गुलामांच्या कष्टांतून पिकलेली साखर तेथे उतरे व काठावरच्या वखारींत साठविली जाई. पुढे एकामागून एक गोद्या होत गेल्या. त्यांतील शेवटची मोठी गोदी १९२१ मध्ये उघडली.

गोद्यांभोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. हमालांचे जीवन मात्र कष्टाचे होते. रोज सकाळी ते दरवाजाशी जमत, मुकादम त्यांतील काहींना निवडून घेई आणि उरलेले रिकाम्या हातांनी घरी परतत. ही रोजंदारीची पद्धत बंद व्हावी, म्हणून कामगारांनी दीर्घकाळ झगडा केला. अखेर १९६७ मध्ये ती बंद झाली. परंतु दैवाचा खेळ असा की, ईस्ट इंडिया गोदीही त्याच वर्षी बंद पडली.

असे का घडले? याचे कारण होते एक लोखंडी पेटी! पूर्वी पोती, पिंपे आणि खोकी हमालांच्या पाठीवरून व याऱ्यांच्या साहाय्याने उतरविली जात. आता माल कंटेनर नावाच्या मोठ्या पेट्यांत भरून येऊ लागला. एक यंत्र ती अख्खी पेटी उचलून मालमोटारीवर ठेवू लागले. पेट्या वाहणारी जहाजे इतकी मोठी होती की, ती जुन्या गोद्यांत मावेनात. त्यांचे काम नदीच्या मुखाकडील टिलबरी बंदरात गेले. १९८१ पर्यंत शहराजवळच्या साऱ्या मोठ्या गोद्या बंद झाल्या. वखारींना कुलुपे लागली, याऱ्या गंजू लागल्या आणि हजारो कुटुंबांची चूल थंडावली.

आता या ओसाड भूमीचे काय करावयाचे? घर बांधावयाचे झाले, तर आपण प्रथम त्याचा आराखडा काढतो. शहराचेही तसेच आहे. रस्ते कोठून न्यावेत, घरे कोठे असावीत, उद्योग कोठे यावेत व मुलांना खेळावयास जागा कोठे ठेवावी, याचा आधी विचार करणे म्हणजे नगररचना होय.

हे काम १९८१ मध्ये सरकारने एका विकास महामंडळाकडे सोपविले. त्याच्या हाती सुमारे २२ चौरस किलोमीटरांचा प्रदेश होता. काही गोद्या तोवर बुजविल्या गेल्या होत्या. उरलेले पाणी मात्र महामंडळाने राखले, कारण पाणी हेच त्या जागेचे वैभव होते. उद्योगांनी तेथे यावे, म्हणून एका भागात इमारतींवरील स्थानिक कर दहा वर्षे माफ करण्यात आला. १९८७ मध्ये चालकाशिवाय धावणारी छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्या मार्गासाठी काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील जुन्या रेल्वेच्या कमानींचाच उपयोग केला गेला. वेस्ट इंडिया गोदीत जेथे एके काळी कॅनरी बेटांची फळे उतरत, त्या कॅनरी वॉर्फवर १९९१ मध्ये पन्नास मजल्यांची इमारत उभी राहिली.

तथापि एक चूक झाली. इमारती मोठ्या झाल्या, पण तेथे पोहोचण्याची साधने अपुरी राहिली. छोट्या रेल्वेला गर्दी पेलवेना. त्यातच मंदी आली. कचेऱ्या रिकाम्या राहिल्या आणि १९९२ मध्ये ती इमारत उभारणारी कंपनीच बुडाली. मोठी भुयारी रेल्वे तेथे आली १९९९ मध्ये. त्यानंतर त्या भागाचा खरा जम बसला.

यापेक्षाही मोठा प्रश्न होता, तो तेथील माणसांचा. महामंडळाच्या काळात लोकवस्ती सुमारे ३९,००० वरून ८०,००० च्या वर गेली. कामेही वाढली, परंतु ती बहुतांशी पेढ्यांतील व कचेऱ्यांतील होती. ज्याने आयुष्यभर पोती वाहिली, त्याला तेथे कोण घेणार? नव्या घरांच्या किमतीही त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. १९८३ मध्ये रॉयल गोद्यांजवळच्या रहिवाशांनी आपली स्वतःची योजना तयार केली. गोदीत विमानतळ नको, आम्हांस परवडणारी घरे व जमतील अशी कामे हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. १९८७ मध्ये दोन गोद्यांच्या मधोमध विमानतळ झाला.

परंतु लोकांचा आवाज नेहमीच वाया जातो, असे नाही. मिलवॉल गोदीतून उपसलेला गाळ टाकून तयार झालेली मडशूट नावाची एक हिरवी जागा तेथे आहे. तिच्यावर उंच इमारती बांधण्याचा बेत १९७० नंतरच्या दशकात निघाला, तेव्हा रहिवासी एकजुटीने उभे राहिले आणि त्यांनी ती जागा वाचविली. आज तेथे मेंढ्या चरतात आणि शाळेतील मुले त्यांना पाहावयास येतात. साखरेची एक जुनी वखारही टिकून आहे. २००३ पासून तिच्यात वस्तुसंग्रहालय आहे. गोदीचा व्यापार आणि त्यामागील गुलामांचे दुःख ही दोन्ही तेथे पाहावयास मिळतात.

मुलांनो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये व व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये सुरू झाली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर झाले आणि कंटेनरांचा व्यापार हळूहळू तिकडे गेला. पूर्व किनाऱ्यावरील जुन्या जागांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मुंबईपुढेही आहे. त्याचे उत्तर देण्याची वेळ कदाचित तुमच्याच पिढीवर येईल. त्या वेळी नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा : या जागेवर आजवर कोण राबले, आणि उद्याच्या नगरात त्यांच्या मुलांना जागा आहे काय?

अभ्यास
१. गोदीला दरवाजे कशासाठी बसवीत असत?
२. कंटेनरमुळे लंडनच्या जुन्या गोद्या का बंद पडल्या?
३. महामंडळाच्या कामातील एक गुण व एक उणीव सांगा.
४. तुमच्या गावात वापरात नसलेली एखादी जागा आहे काय? तेथे काय व्हावे, हे शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.