शालेय मानसशास्त्रज्ञ : भूमिका, जबाबदाऱ्या आणि भाषेचे भान

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• शालेय मानसशास्त्रज्ञाची कामे सांगता येतील.
• भाषाभेद आणि अध्ययन अक्षमता यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• गोपनीयतेचे महत्त्व व तिची मर्यादा विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

१८९६ मध्ये लाइटनर विटमर यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तेथे आलेला पहिला मुलगा शुद्धलेखनात सतत चुकत असे; त्याच्या शिक्षिकेनेच त्याला आणले होते. तपासणीत त्याची दृष्टीही अधू असल्याचे आढळले. शालेय मानसशास्त्राच्या मुळाशी असलेले तत्त्व या उदाहरणातून दिसते : मुलाला नाव ठेवण्याआधी कारण शोधावे.

२. भूमिका

शालेय मानसशास्त्रज्ञाचे काम मुख्यतः चार प्रकारचे असते : मुलाचे निरीक्षण व मूल्यमापन, त्याचे समुपदेशन, शिक्षक-पालकांना मार्गदर्शन आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवणी. तो शिक्षा करणारा अधिकारी नव्हे. बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे.

३. भाषाभेद की अक्षमता?

भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा प्रश्न हा आहे. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगामात अशा परिसरात ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोप्यांवर उतरतात. आईवडिलांबरोबर मुलेही येतात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते.

अशी कल्पना करा की, गोरमाटी बोलणारी आठ वर्षांची मुलगी हंगामाच्या मध्यावर वर्गात आली. घरी ती आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणते. वर्गात ती ‘तो झाड’ असे बोलते, वाचताना अडखळते. शिक्षक तिला ‘मंद’ ठरवतात. परंतु गोरमाटीत पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीतले नपुंसकलिंग तिला नव्याने शिकायचे आहे. तिची चूक नियमबद्ध आहे. तिच्या आकलनात दोष असल्याचा तो पुरावा नव्हे.

मग पडताळणी कशी करावी? प्रथम दृष्टी व श्रवण तपासावे. शाळा किती महिने बुडाली ते विचारावे. मुलीला तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी. घरच्या भाषेतही ध्वनी ओळखण्यात, क्रम लक्षात ठेवण्यात अडचण असेल आणि पुरेसे शिकवूनही ती टिकून राहिली, तरच अक्षमतेचा विचार करावा. बिने-चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले, तर सी. एम. भाटिया यांनी भाषेवर कमी अवलंबून असलेली कृतिकसोटी रचली. चाचणीची भाषा बदलली की निकालाचा अर्थही बदलतो, ही जाणीव या प्रयत्नांमागे होती.

उलट, खरी अक्षमता ‘बोलीचा परिणाम’ म्हणून दुर्लक्षिणेही तितकेच घातक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वेळेवर निदान झाले नाही, तर मूल हक्काच्या सवलतींना मुकते.

४. गोपनीयता

मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होता कामा नये. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल, तर मौन पाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो अधिनियमानुसार बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला समजेल अशा शब्दांत आधीच सांगावी.

५. समारोप

अनेक ग्रामीण शाळांत मानसशास्त्रज्ञ नसतो. तेथे मुलाची अडचण पहिल्यांदा शिक्षकाच्याच लक्षात येते. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या मराठी शिकवाल. ‘ढ’ हे वर्णमालेतले एक अक्षर आहे, ते मुलाचे वर्णन होऊ नये, एवढी काळजी प्रत्येक भाषाशिक्षकाला घेता येईल.

स्वाध्याय

१. ‘तो झाड’ ही चूक नियमबद्ध का म्हणावी?
२. अक्षमतेचे निदान करण्यापूर्वी कोणती पडताळणी आवश्यक आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या बोलीचे पाच शब्द नोंदवा. ती बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी शिकताना येणाऱ्या दोन अडचणी लिहा.