आधी टक्का, मग पैसा

कोयनानगर, हेळवाक किंवा खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून सरकारी कामाला निघायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तहसील पाटणला, मोठा दवाखाना कराडला नाहीतर साताऱ्याला, आणि जाणं-येणं एसटीनं. घरातल्या दिव्यांग माणसाला न्यायचं तर सोबतच्याचीही मजुरी बुडते. म्हणून योजनांची नावं पाठ करत बसण्यापेक्षा कामांचा क्रम पक्का करावा. क्रम चुकला की तोच हेलपाटा पुन्हा.

1. घर सोडण्याआधी कागद जुळवा. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न अक्षर वाचा. आधारवर 'बाळू', रेशनकार्डावर 'बाळकृष्ण', पासबुकात वडिलांचं नावच गायब, हे आपल्याकडे घरोघरी सापडतं. आधी आधार दुरुस्त करा, बाकीचे कागद त्याच्यावर बेतून घ्या. आधारला जोडलेला मोबाईलही तपासा. मुंबईला कामाला असलेल्या पोराचा नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी मुंबईत येतो आणि माणूस पाटणच्या सेतूत खोळंबतो.

2. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढा. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई नको. 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरा. आधार, नवा फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणीचं रुग्णालय निवडताना यादी नीट बघा. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय त्यात दिसलं तर खोऱ्यातल्या माणसाला ते साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयापेक्षा सोयीचं. मात्र आपल्याला हवे ते तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी बसतात, हे विचारल्याशिवाय एसटीत पाय ठेवू नका.

तपासणी म्हणजे नुसतं बघून शिक्का मारणं नव्हे. हाडांचे डॉक्टर गुडघा किती अंशात वाकतो ते कोनमापक लावून मोजतात, पायाला हातानं विरोध करून स्नायूंत जोर किती ते पाहतात. कानासाठी ऑडिओग्राम लागतो. लहान मुलाला आवाज ऐकून खूण करता येत नाही, म्हणून त्याची बेरा चाचणी करतात. बौद्धिक दिव्यांगत्वात मानसशास्त्रज्ञाची बुद्ध्यांक चाचणी होते. जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा. कोयनेच्या पावसाबद्दल इथल्या माणसाला आणखी काय सांगायचं!

जुन्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आले. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्याच्या जखमा हे सगळं आता त्यात बसतं. 'तेव्हा नाही म्हणाले होते' म्हणून घरी बसलेल्यांनी पुन्हा अर्ज करायला हरकत नाही.

3. कार्डावरचा टक्का वाचा. 40 हा पहिला उंबरठा, 80 हा दुसरा. 40 च्या खाली पांढरं कार्ड येतं आणि बहुतेक योजनांचं दार बंद राहतं. एक डोळा गेला म्हणजे निम्मी दृष्टी गेली, असं आपण धरतो. पण दुसरा डोळा चांगला असेल तर मोजणीत साधारण 30 टक्केच बसतात. हे ऐकून माणसं चिडतात आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं, पण नियम तसा आहे. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीजही होत नाही. टक्का खरंच कमी लागला असं वाटलं, तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. एजंटाला पैसे चारून नवं कार्ड काढण्याच्या भानगडीत पडू नका. कार्ड तात्पुरतं असेल तर संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

4. उत्पन्नाचा दाखला घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे. महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरात एक जण बारमाही मजुरीला जात असला तरी ही रेघ ओलांडली जाते. मर्यादा वाढायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोवर दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलची सही, हे एकाच खेपेत जमवा.

5. संजय गांधीचा अर्ज पाटण तहसीलला द्या. वय 18 ते 65, दिव्यांगत्व 40 टक्के आणि राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो, म्हणून पोच घ्या आणि तिचा मोबाईलवर फोटो काढा. पोच नसली की पुढच्या खेपेला 'अर्ज कुठाय?' हा प्रश्न तुम्हालाच विचारतात. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिना 2,500 रुपये मिळतात, आधी 1,500 होते. दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचे 300 रुपयेही यात धरले जातात. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. घरातली दिव्यांग बाई लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये घेत असेल तर दोन्ही चालू ठेवता येत नाहीत. 1,500 सोडून 2,500 घेण्यात शहाणपण आहे.

6. बँकेत एकच प्रश्न विचारा: माझं आधार पैसे जमा होण्यासाठी कोणत्या खात्याला जोडलंय? अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यातच पैसे पडतात, मग लोक जुनं पासबुक घेऊन 'आलेच नाहीत' म्हणत फिरतात.

7. उरलेलं. एसटीत 75 टक्के सवलत आहे, यूडीआयडी कार्ड कंडक्टरला दाखवायचं. ज्यांना पगार आहे आणि जे जुन्या कररचनेत आहेत, त्यांना कलम 80यू खाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. 2 लाख जमा होत असतील तर 10,000 रुपये, तेही गावातल्या सगळ्या दिव्यांगांत मिळून. रक्कम छोटी आहे, तरी यूडीआयडीची झेरॉक्स ग्रामसेवकाकडे देऊन नाव नोंदवा आणि ग्रामसभेत हा पैसा कशावर गेला ते विचारा.

अनुदान सुरू झालं तरी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि थांबलेले चालू करायला पुन्हा पाटण गाठावं लागतं.