त्सुनामीचे गणित आणि आपली पावले

जपानमध्ये राहायचे म्हणजे भूकंपाशी ओळख होतेच. समुद्रात मोठा भूकंप झाला की काही मिनिटांतच टीव्हीवर किनाऱ्याचा नकाशा येतो आणि त्यावर आकडे : इथे १ मीटर, तिथे ३ मीटर. लाट तर अजून किनाऱ्याला लागलेलीही नसते! मग हे आकडे येतात कुठून? ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही ते सोप्या भाषेत मांडत आहोत.

लाटेचा वेग

वाऱ्याने उठणारी लाट वरच्या पाण्यापुरती असते. त्सुनामीत समुद्राचा तळच वर-खाली होतो आणि तळापासूनचे सगळे पाणी हलते. म्हणून तिचा वेग खोलीवर ठरतो. मीटरमधल्या खोलीला ९.८ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. ४,००० मीटर खोलीवर उत्तर येते सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. १० मीटर खोलीवर हाच वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. पुढचे पाणी मंदावते, मागचे येतच राहते आणि लाट उंच होत जाते. खोल समुद्रातली १ मीटरची लाट इथे साधारण साडेचार मीटर होते. सान्रिकू किनाऱ्यावरच्या, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या खाड्यांत तर त्याहूनही जास्त.

संगणकाचे काम

संगणकात समुद्राचे छोटे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येकाची खोली भरतात. तळ कुठे, किती उचलला गेला हे सांगितले की पाणी एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात कसे सरकेल, हे संगणक क्षणाक्षणाला मोजतो. पण भूकंप झाल्यावर एवढा वेळ कुठला? म्हणून जपानच्या हवामान संस्थेने सुमारे १ लाख संभाव्य भूकंपांची उत्तरे आधीच काढून ठेवली. जागा आणि तीव्रता कळली की जुळणारे उत्तर शोधायचे.

११ मार्च २०११

दुपारी २.४६ ला भूकंप झाला आणि २.४९ ला इशारा निघाला. पण घाईच्या मोजणीत तीव्रता ७.९ धरली गेली. प्रत्यक्षात ती ९.० होती. ऊर्जेत जवळजवळ ४५ पट फरक! म्हणून इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटर, मियागीसाठी ६ मीटर असे आकडे जाहीर झाले. ३.१४ ला ते वाढवले, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती. 'तीन मीटर ना? मग भिंत आहे की!' असे वाटून काहीजण थांबले. काही ठिकाणी पाणी जवळजवळ ४० मीटर उंचीपर्यंत चढले. १८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली.

गणित चुकले नव्हते, त्याला दिलेला पहिला आकडा अपुरा होता. हे ओळखून मार्च २०१३ पासून पद्धत बदलली. अतिप्रचंड भूकंपात तीव्रता नक्की होईपर्यंत मीटर सांगत नाहीत, 'प्रचंड' एवढाच शब्द वापरतात. समुद्रतळावर दाबमापकांचे जाळेही टाकले आहे. ते लाट वाटेतच मोजते.

हा धडा आपल्या कोकणालाही लागू आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. भारताचे इशारा केंद्र २००७ पासून हैदराबादला आहे.

आपण सर्वजण सढळ हाताने मदत करता, पण मदत लाटेनंतर पोचते. लाटेआधी उपयोगी पडतात ती आपलीच पावले. तेव्हा किनाऱ्यावर जोराचा किंवा लांबलेला धक्का जाणवला, तर आकड्याची वाट पाहू नका. आधी उंचावर जा, आणि इशारा उठेपर्यंत खाली उतरू नका!